फ्यूजनच्या यादीत नसलेले आटे कसे घालायचे? आरएमएस, पीजी आणि बीए हवेत

अर्धा_फिटर:

नमस्कार मंडळी. फ्यूजन (ऑटोडेस्कचं थ्रीडी डिझाईनचं सॉफ्टवेअर) वापरतो, पर्सनल लायसन्स. थ्रेड कमांड उघडली की आयएसओ मेट्रिक, यूएनसी-यूएनएफ, पाईपचे आटे असं बरंच काही दिसतं पण मला जे लागतायत तेच नेमके नाहीत. तीन वेगवेगळी कामं आहेत, एक म्हणजे मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह बसवायला अ‍ॅडॉप्टर करायचाय त्याला आरएमएस (मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हचे ठरलेले) आटे लागतात, दुसरं एका जुन्या कंट्रोल बॉक्सचं झाकण नव्याने प्रिंट करायचंय त्यात पीजी ११ ची (पीजी हा अशा फिटिंगचा जुना आटा) केबल ग्लँड, म्हणजे केबल धरून ठेवणारी फिटिंग, बसते, आणि तिसरं एक जुनं मीटर आहे ज्याचे स्क्रू २ बीए (ब्रिटिश असोसिएशनचा आटा, नंबर २) निघाले.

आता प्रश्न असे की ही यादी आपल्याला वाढवता येते का, की ऑटोडेस्कने जे दिलंय तेवढ्यावरच भागवायचं? कोडिंग लागतं का? आणि आरएमएससाठी एम २० गुणिले ०.७५ जवळचा वाटतोय, तोच टाकून दिला तर चालेल का? फरक तर फार दिसत नाही. मित्र फ्रीकॅडवर (तसंच एक फुकट सॉफ्टवेअर) काम करतो, त्यालाही हेच लागणारे, त्यामुळे तिकडचं कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.

पिचगेज:

यादी वाढवता येते, आणि कोडिंग अजिबात नाही, नोटपॅड पुरतं. फ्यूजन सगळे आटे एक्सएमएल फाईलींमधून वाचतं, एका स्टँडर्डला एक फाईल. विंडोजवर युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात लोकल, त्यात ऑटोडेस्क, मग वेबडिप्लॉय, प्रॉडक्शन, मग एक लांबलचक अगम्य अक्षरांचं फोल्डर, त्याच्या आत फ्यूजन, सर्व्हर, फ्यूजन, कॉन्फिगरेशन आणि शेवटी थ्रेडडेटा. ही अगम्य नावाची फोल्डरं एकापेक्षा जास्त असू शकतात म्हणून सरळ आयएसओ मेट्रिकवाली एक्सएमएल फाईल सर्च करा, जिथे सापडेल तेच घर. मॅकवर अ‍ॅपवर राईट क्लिक करून पॅकेजच्या आत शिरावं लागतं, बाकी रचना तीच.

कोरी फाईल लिहीत बसू नका. मेट्रिकवालीची कॉपी घ्या, नाव बदला, आतले सगळे साईज उडवून एकच ठेवा आणि तो आपल्या आकड्यांनी भरा. टॅगची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाईलमध्ये ती इंग्रजीत आहेत आणि ती जशीच्या तशी ठेवायची, एक अक्षर हललं तरी फाईल वाचली जात नाही. वरती नेम आणि कस्टमनेम, ही दोन्ही बदलायचीच, कारण जुनं नाव राहिलं तर मूळ मेट्रिकशी भांडण. मग युनिट, मग अँगल म्हणजे आट्याचा पूर्ण कोन, अर्धा नाही. सॉर्टऑर्डर म्हणजे यादीत कितव्या नंबरवर दिसायचं ते. त्याखाली प्रत्येक साईज, साईजच्या आत डेझिग्नेशन आणि पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर), आणि त्याच्या आत दोन थ्रेड, एक एक्स्टर्नल एक इंटर्नल, दोघांना क्लास (किती सैल-घट्ट ते), मेजर डाया (सगळ्यात मोठा व्यास), पिच डाया (मधला), मायनर डाया (सगळ्यात लहान). इंटर्नलला वर टॅप ड्रिल (आटे पाडण्याआधीच्या भोकाचं माप). संपलं.

म्हणजे एका आट्याची कुंडली पाच आकड्यांत मावते: कोन, पिच आणि तीन व्यास. इंचातले आटे असले तरी मी मिमीच ठेवतो आणि पिच २५.४ भागिले टीपीआय (एका इंचात किती आटे) असा काढून चार दशांशांपर्यंत लिहितो. आरएमएस ३६ टीपीआय, म्हणजे ०.७०५६. ०.७ लिहून मोकळं व्हायचं नाही.

एम २० चं उत्तर नाही. आरएमएसचा नॉमिनल व्यास ०.८ इंच म्हणजे २०.३२ मिमी. तुमचं भोक एम २० चं असलं तर त्याचा मोठा व्यास २० च्या आसपास, त्यात २०.३ चं ऑब्जेक्टिव्ह शिरणारच नाही. पिचचा फरक तर पुढची गोष्ट. शिवाय तो व्हिटवर्थ घराण्यातला आटा आहे, ५५ अंशाचा, ६० चा नाही.

आरएमएसचे बेसिक आकडे: कोन ५५, पिच ०.७०५६, मेजर २०.३२, पिच डाया १९.८६८, मायनर १९.४१६. व्हिटवर्थमध्ये आट्याची खोली ०.६४०३ गुणिले पिच, त्यामुळे मेजरमधून तेवढं एकदा वजा केलं की पिच डाया, दोनदा वजा केलं की मायनर. बीएसडब्ल्यू, बीएसएफ, समांतर बीएसपी, सगळ्यांना हेच सूत्र लागतं, एकदा एक्सेलमध्ये बसवलं की पूर्ण तक्ता पाच मिनिटांत होतो.

लेथवरचा_अण्णा:

वरचं सगळं बरोबर आहे पण त्याआधी एक विचारतो, तुम्हाला मॉडेलमध्ये आटे खरोखर कापून हवेत का? मीटरच्या २ बीए साठी कशाला एवढा खटाटोप. साधं भोक काढा, ड्रॉइंगवर २ बीए लिहा, ४ मिमीचं ड्रिल मारा आणि टॅप फिरवा, सत्तर-बहात्तर टक्के आटे भरतात, पितळेत आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये तेवढे भरपूर झाले. आटे टॅपने पडतात, कॉम्प्युटरने नाही. पोरं मॉडेलमध्ये चाळीस स्क्रूचे आटे प्रत्यक्ष कापून ठेवतात आणि मग म्हणतात फाईल हँग होते.

मॉडेल्डवर (म्हणजे मॉडेलमध्ये आटे खरोखर कापायचे) टिक दोनच वेळा करायची, एक तर थेट प्रिंट काढायची असेल, कारण कॉस्मेटिक (नुसता चित्रातला) आटा एसटीएलमध्ये, म्हणजे प्रिंटच्या फाईलीत, जातच नाही, गुळगुळीत नळी निघते. नाहीतर आटा इतका वेगळा असेल की टॅपच मिळत नाही आणि सीएनसीवर मिल करायचाय. आणि ते झाकण तरी, ग्लँडला मागून लॉकनट असतोच, पातळ झाकणाला १९ चं सरळ भोक पाडलं की काम झालं. आटे पाडायचे तर जाडी निदान चार-पाच आटे पकडतील एवढी हवी.

बीए हा प्रकार मात्र मजेशीर आहे. नाव ब्रिटिश पण मापं मिमीत, मूळ स्विस थुरी आट्यांचं, १८८४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने उचललं. ० बीए म्हणजे ६ मिमी व्यास आणि १ मिमी पिच, आणि तिथून नंबर वाढेल तसा पिच दर वेळी ०.९ पट. म्हणून २ बीए चा पिच ०.८१. व्यास म्हणजे पिचचा १.२ वा घात गुणिले ६, तो येतो ४.६६, गोल करून ४.७. कोन ४७.५ अंश. खोली ०.६ गुणिले पिच. म्हणजे तुमचे आकडे ४.७, ४.२१४ आणि ३.७२८. एम ५ चा पिच ०.८ असल्यामुळे काही जण त्यात एम ५ चा टॅप घुसवतात आणि जुन्या पार्टाची वाट लावतात, तसं करू नका.

अर्धा_फिटर:

अण्णा, झाकणाच्या त्या जागी बॉस (जाड उंचवटा) आहे १२ मिमी उंचीचा आणि मागे हात जात नाही, म्हणून लॉकनट नको, आटेच हवेत. मीटरचं पटलं, तिथे टॅपच मारतो.

पिचगेज, आरएमएसची फाईल केली, फ्यूजन बंद करून परत चालू केलं, यादीत आली पण! मॉडेल्ड केलं तर आटेही आले. पण पीजी ११ ची फाईल घातली तर नाव दिसतं, कॉस्मेटिक लागतो, आणि मॉडेल्डवर टिक केलं की एरर. आकडे असे आहेत, एका ऑनलाईन कॅल्क्युलेटरने दिलेले: कोन ८०, पिच १.४१११, मेजर १८.६, पिच डाया १७.६८३, मायनर १६.८६९. कुठे चुकतंय?

पिचगेज:

कोन पीजीचा आणि खोली मेट्रिकची आहे. कॅल्क्युलेटरने ०.६४९५ गुणिले पिच असं वजा केलंय, ते ६० अंशाच्या आट्याचं सूत्र. ८० अंशाचा आटा पसरट असतो, तेवढा खोल जाऊच शकत नाही.

ही गोष्ट नीट सांगतो कारण निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते. पिच डाया म्हणजे अशी उंची जिथे आट्याची जाडी आणि खाचेची रुंदी सारखी असते, म्हणजे दोन्ही बरोबर अर्धा पिच. सॉफ्टवेअर तिथून सुरू करतं आणि दिलेल्या कोनाने वर-खाली उतार काढत जातं. मग आट्याच्या माथ्यावर किती रुंदी उरते? अर्धा पिच, त्यातून वजा मेजर आणि पिच डायातला फरक गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन. खाली मुळाशीही हेच, फक्त पिच डाया आणि मायनरमधला फरक घ्यायचा.

तुमच्या आकड्यांनी: १८.६ वजा १७.६८३ म्हणजे ०.९१७. ४० अंशाचा टॅन ०.८३९१. गुणाकार ०.७६९. अर्धा पिच आहे ०.७०५६. वजाबाकी उणे! म्हणजे दोन्ही उतार माथ्यावर पोचायच्या आधीच एकमेकांना भेटून पार झाले. असा आटा जगात असूच शकत नाही, मग सॉफ्टवेअर तरी काय कापणार. कॉस्मेटिकला फक्त चित्र चिकटवायचं असतं म्हणून तो काही बोलत नाही.

पीजीची खोली ०.४७६७ गुणिले पिच. त्यामुळे पिच डाया १७.९२७ आणि मायनर १७.२५५. आता करून बघा: ०.६७३ गुणिले ०.८३९१ म्हणजे ०.५६५, ०.७०५६ मधून गेले, उरले ०.१४१. पिचचा बरोबर दहावा भाग, डीआयएन ४०४३० (पीजीचं स्टँडर्ड) चा आटा असाच असतो.

कुठलाही नवा आटा घालताना ही एक तपासणी आधी करा. मेट्रिकला माथ्यावर पिचचा आठवा भाग उरायला हवा, व्हिटवर्थला सहावा, २ बीए ला ०.२३६ पट. तेवढं आलं की समजा पाचही आकडे एकमेकांच्या ओळखीचे आहेत.

लेथवरचा_अण्णा:

आणि कोन चुकला तर एरर येतोच असंही नाही, तो जास्त धोक्याचा. पीजीचे हेच तीन व्यास ठेवून कोन ६० राहून गेला तर माथ्याची रुंदी ०.१४ ऐवजी ०.३२ येते, मॉडेल सुबक दिसतं, एररबिरर काही नाही, आणि ग्लँड अर्ध्या आट्यात आवळते. माणूस मग प्रिंटरला शिव्या देतो.

व्हिटवर्थबद्दल एक. खरा व्हिटवर्थ माथ्याला आणि मुळाला गोल असतो, त्रिज्या ०.१३७३ गुणिले पिच. फ्यूजन सपाट काढतं, गोल नाही. बसण्याच्या दृष्टीने उतार महत्त्वाचे, ते जुळले की बास. पण बाहेरच्या आट्याचा माथा सपाट आणि समोरच्या खऱ्या पार्टाचं मूळ गोल, तर कोपरे टेकतात. म्हणून मेजर डाया एखाद-दोन शतांश, प्रिंट असेल तर दशांशभर कमी करायचा.

एक्सेलवाली:

तक्ता करायचं सोपं पडावं म्हणून, मी असं करते की एक्सेलमध्ये प्रत्येक साईजची एक ओळ, व्यास आणि टीपीआय भरले की बाकी सूत्राने, आणि शेवटच्या कॉलममध्ये पूर्ण एक्सएमएलचा तुकडा कॉन्कॅटने जोडून तयार, तो कॉलम उचलून फाईलमध्ये पेस्ट. पीजीची ७ पासून २१ पर्यंतची सगळी मापं एका दमात झाली. ती अशी: पीजी ७ म्हणजे १२.५ मिमी आणि २० टीपीआय, ९ म्हणजे १५.२, ११ म्हणजे १८.६, १३.५ म्हणजे २०.४, १६ म्हणजे २२.५, या चारही १८ टीपीआय, आणि २१ म्हणजे २८.३ आणि १६ टीपीआय. पीजीच्या पुढचा नंबर म्हणजे मिमी नव्हे हे त्यातून कळेलच. नव्या ग्लँडी मेट्रिकच असतात, एम २० वगैरे, त्यामुळे हातातली ग्लँड व्हर्निअरने मोजल्याशिवाय काही काढू नका. पीजी १३.५ आणि एम २० नजरेला जुळी भावंडं.

दोन गोष्टी छळतात. एक, कॉम्प्युटरची सेटिंग दशांशाला स्वल्पविराम वापरणारी असली तर एक्सेल १७,९२७ असं लिहितं आणि एक्सएमएलला टिंबच लागतं. दुसरं, डेझिग्नेशनचा मजकूर दोन साईजना एकसारखा राहून गेला की यादीत भलतंच निवडलं जातं. फाईल यादीत दिसलीच नाही तर ती ब्राउझरमध्ये ओढून टाका, कुठला टॅग बंद करायचा राहिला ते ब्राउझर ओळ नंबरसकट सांगतो.

अर्धा_फिटर:

पीजी चाललं! मॉडेल्ड सुद्धा. पण पहिली प्रिंट काढली तर ग्लँड दोन आट्यांनंतर घट्ट होते. स्लायसरमध्ये १०२ टक्के स्केल करू का? आणि अपडेट आलं की फाईली जातात असं कुठेतरी वाचलं, खरंय का ते?

पिचगेज:

स्केल अजिबात नाही. व्यास वाढतो तसा पिचही वाढतो. १०२ टक्क्यांनी १.४१११ चा १.४३९३ होईल, आठ आट्यांत पाव मिमीच्या आसपास फरक जमतो, आधीपेक्षा लवकर अडकेल.

जागा क्लासमध्ये आहे. एकाच साईजला कितीही क्लास देता येतात. मूळ मेट्रिक फाईलमध्ये एम १० चा ६जी क्लास उघडून बघा, बाहेरच्या आट्याचा मेजर १० नाही, थोडा कमी आहे, सैलपणा तिथेच भरलेला असतो. तसंच आपण पीजी ११ ला बेसिकशिवाय अजून दोन क्लास करायचे, प्रिंट ०.२ आणि प्रिंट ०.४ अशी काहीतरी नावं द्यायची, आणि इंटर्नलच्या तिन्ही व्यासांत ०.२ किंवा ०.४ मिळवायचे. तिन्हींत सारखेच मिळवायचे, कारण आट्याचा आकार फरकांवर ठरतो, फरक तेच राहिले की आकार तोच, आटा फक्त बाहेर सरकतो. केवळ मेजर वाढवला तर उतार तिथल्या तिथेच राहतात आणि ग्लँड तशीच आवळते.

किती मिळवायचं हे कोनावर ठरतं, हे फारसं कोणी सांगत नाही. उतारांमध्ये मिळणारी मोकळीक म्हणजे त्रिज्येतली वाढ गुणिले अर्ध्या कोनाचा साईन. व्यासात ०.४ म्हणजे त्रिज्येत ०.२, मेट्रिकला त्यातून उतारावर ०.१ मिळतं कारण साईन ३० अर्धा. पीजीला साईन ४० म्हणजे ०.६४, त्याच ०.४ मध्ये ०.१३ मिळतं. म्हणून पीजीला ०.३ पुरायला हवं, बीए सारख्या चिंचोळ्या आट्याला उलट जास्त लागतं.

अपडेटचं खरंय. प्रत्येक अपडेटला ते अगम्य नावाचं फोल्डर नवीन बनतं आणि आपल्या फाईली जुन्यातच राहतात, मग एक दिवस यादीतून आपले आटे गायब. मास्टर कॉपी स्वतःच्या फोल्डरात ठेवा. थ्रेडकीपर नावाचं एक फुकट अ‍ॅड-इन आहे, ते आपल्या फोल्डरातल्या फाईली अपडेटनंतर आपोआप नव्या जागी नेऊन टाकतं, मी तेच लावलंय. कॉपी-पेस्ट हाताने करायला पण काही जड नाही, फक्त आठवायला हवं. आणि डिझाईन दुसऱ्याला पाठवणार असाल तर सोबत ही एक्सएमएल पाठवा, त्याच्याकडच्या यादीत हे स्टँडर्ड नसणार.

हेलिक्स_आणि_मनस्ताप:

फ्रीकॅडवाल्या मित्रासाठी. पार्ट डिझाईनमधल्या होल टूलचे थ्रेडचे तक्ते सोर्स कोडच्या आतच आहेत, सी प्लस प्लसमध्ये. त्यामुळे फ्यूजनसारखी फाईल टाकून काम होत नाही, एक तर स्वतः कोडमध्ये घालून प्रोग्रॅम बिल्ड करा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा म्हणजे सगळ्यांनाच मिळेल, नाहीतर आटा हाताने काढा. बीएसडब्ल्यू, बीएसएफ हे असेच कोणी कोणी घालत गेल्यामुळे आज यादीत आहेत.

हाताने काढणं ऐकायला वाटतं तेवढं वाईट नाही. एक स्प्रेडशीट ऑब्जेक्ट घ्यायचा, त्यात तेच पाच आकडे, प्रत्येक सेलला अलायस (टोपणनाव). मग एक्सझेड प्लेनवर खाचेचं ट्रॅपेझियम स्केच, मापं सगळी अलायसवरून, आणि सबट्रॅक्टिव्ह हेलिक्स. नवा आटा हवा की आकडे बदला, स्केच आपोआप हलतं. एकदा बनवलेली फाईल जन्मभर पुरते.

पण हेलिक्स रडवतं, आणि कुठे रडवतं ते लिहून ठेवा. स्केचची उंची बरोबर पिचएवढी असली की एक फेरा दुसऱ्या फेऱ्याला तंतोतंत चिकटतो आणि कर्नल (भूमितीचं गणित करणारा भाग) कोसळतो, थोडी कमी ठेवा. खाचेचं तोंड सिलिंडरच्या पृष्ठभागावर नेमकं टेकवू नका, अर्धा-एक दशांश बाहेर काढा, दोन पृष्ठभाग एकमेकांवर पडलेले बूलियनला (एका आकारातून दुसरा वजा करण्याला) सहन होत नाहीत. आणि हेलिक्स पार्टच्या दोन्ही टोकांच्या एकेक पिच पलीकडे न्या, नाहीतर टोकाला विचित्र पापुद्रे राहतात. एवढं पाळूनही कधी कधी जमत नाही, मग पिचचा शेवटचा दशांश इकडचा तिकडे केला की जमतं, का ते मला विचारू नका.

ऑफिसातला_ड्राफ्ट्समन:

विषय निघालाच आहे तर इतर सॉफ्टवेअरचं पण टाकतो. इन्व्हेंटरमध्ये डिझाईन डेटा फोल्डरात थ्रेड नावाची एक्सेल फाईल असते, तिच्यात एक शीट कॉपी करून नवं स्टँडर्ड, हेडिंगला हात लावायचा नाही. मात्र तिथे थ्रेड फीचर म्हणजे सिलिंडरवर चिकटवलेलं चित्रच असतं, कापलेला आटा हवा तर कॉइल करा.

सॉलिडवर्क्समध्ये थ्रेड कमांडला प्रोफाईल लागतं, ते लायब्ररी फीचर पार्ट म्हणून सेव्ह केलेलं साधं स्केच असतं. मूळ प्रोफाईलची कॉपी उघडा, कोन आणि खोली बदला, प्रत्येक साईजला एक कॉन्फिगरेशन, आणि थ्रेड प्रोफाईल्सच्या फोल्डरात ठेवा. होल विझार्डची यादी मात्र वेगळी, ती टूलबॉक्सच्या सेटिंगमधून वाढते. एकीकडे घातलं म्हणून दुसरीकडे दिसत नाही आणि लोक शोधत बसतात.

ऑफिसात एक पथ्य ठेवा, मूळ फाईल कधी बदलायची नाही, नेहमी नवीन नावाने. आमच्याकडे कोणीतरी मेट्रिकच्याच तक्त्यात प्रिंटसाठीचे सैल आकडे भरून ठेवले होते, आणि नंतर ज्याने ज्याने नेहमीचा ६एच क्लास निवडला त्याला ते सैल आटे मिळत होते. पार्ट तपासणीत नापास झाले तेव्हा कुठे पत्ता लागला.

अर्धा_फिटर:

पीजी ला ०.३ चा क्लास केला, ग्लँड शेवटपर्यंत हाताने गेली आणि डुगडुगत पण नाही. आता आरएमएस. तोही असाच प्रिंट होईल ना, ०.४ च्या नॉझलवर?

लेथवरचा_अण्णा:

नाही. ०.७ चा पिच, एका बाजूची खोली ०.४५. ०.२ चा लेअर लावला तर एका आट्यात साडेतीन लेअर, उतार म्हणून जे निघेल तो जिना असेल. ऑब्जेक्टिव्ह एकदा जाईल, दुसऱ्यांदा तिरकं धरेल आणि तुम्ही ते जोर लावून फिरवाल. महागाच्या काचेला असल्या आट्यावर टांगू नका.

पितळ नाहीतर अ‍ॅल्युमिनियम घ्या आणि लेथवर काढा, ५५ अंशाचं टूल, चेंज गिअर ३६ टीपीआय ला लावायचे. भोक आधी १९.४५ ला बोअर करायचं. शेवटचे कट अगदी हलके, आणि दर वेळी ऑब्जेक्टिव्हच लावून बघू नका, टोकाला तेच माप असलेला एखादा खराब तुकडा गेज म्हणून वापरा. लेथ हाताशी नसेल तर रेझिन प्रिंट चालेल, ०.०५ च्या लेअरवर. तिथे तुमची एक्सएमएल कामाला येईल, ०.१ चा क्लास आधी करून बघा.

नवा_भिडू:

मध्येच घुसतोय, माफी. ३डी प्रिंटरचा जो लीड स्क्रू असतो, टीआर ८ गुणिले ८, तो यात घालता येईल का? फ्यूजनच्या ट्रॅपेझॉइडल यादीत मिळाला नाही. पिच ८ टाकू ना?

पिचगेज:

८ टाकलात तर आट्याची जाडी अर्धा पिच म्हणजे ४ मिमीची होईल, भलताच राक्षस. त्या स्क्रूचा पिच २ च आहे, लीड (एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर) ८, कारण चार आटे एकमेकांशेजारून निघालेले असतात. यादीत नसण्याचं कारण पिच २ हे सुद्धा आहे, आयएसओमध्ये ८ व्यासाला १.५ पिच दिलाय. एक्सएमएलमध्ये पिच एकच भरता येतो, लीडला वेगळा रकाना नाही, त्यामुळे मल्टीस्टार्ट तिथे बसतच नाही. नुसतं असेंब्लीत दाखवायचं असेल तर ८ चा साधा रॉड काढा, काही अडत नाही. नट खरंच कापायचा असेल तर ३० अंशाच्या खाचेचं स्केच, ८ पिचचं हेलिक्स, आणि त्याचा अक्षाभोवती चार वेळा पॅटर्न. फ्रीकॅडमध्ये हे पोलर पॅटर्नने सरळ होतं. उजवा आटा आहे ना ते आधी बघून घ्या.

एक्सेलवाली:

पितळी नट तयार मिळतो त्याचा, फ्लँजसकट. भोकांची मापं तेवढी घ्या आणि तो बसेल असा खड्डा काढा, मी तरी तसंच केलंय.